हरळीला आवाजाची ओळख

गुरुलिंगअप्पांकडं कुत्रं मागायला आलेल्या माणसाला आधी अप्पांची कुरकुर ऐकावी लागायची. रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावात कारवान कुत्री पाळणारी घरं एकेक करत थकली, अप्पा तेवढे उरले. तेही थकलेलेच होते, पण नाद सुटत नव्हता. शिकार बंद झाली, आधी कायद्यानं आणि मग अप्पांच्या गुडघ्यांनी. आता ही उंच, सडपातळ कुत्री हरभऱ्यातून रानडुकरं हुसकायची. तेवढ्यासाठीही लोक लांबून येत.

अप्पांचं शिकवणं म्हणजे डोळे उघडल्यापासूनचा छळ, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचो. पिल्लं शेळ्यांच्या गोठ्यात वाढवायची, म्हणजे मोठेपणी ती शेळीमागं लागत नाहीत. दूध ठेवताना शेजारी पत्र्याचा डबा बडवायचा. जरा चालायला लागली की टोपलीत घालून बाजारात न्यायची. हॉर्न, गर्दी, भांडणं, सगळं त्यांच्या कानावरून गेलं पाहिजे.

"ल्हानपणी ज्याची वळख झाली न्हाई, त्याला कुत्रं जल्मभर भितंय," अप्पा म्हणायचे. "आन भ्यालेलं कुत्रं डुकरापुढं मरतंय."

या वर्षी नेमकं तेच राहून गेलं. म्हातारी कुत्री व्याली आणि गेली. पाठोपाठ अप्पांची बायको कस्तुराबाई न्हाणीत घसरून पडली. लातूरला डोक्याचं ऑपरेशन झालं. घरी आली तेव्हा वाटी वाजली तरी ती कपाळ दाबून धरायची. अप्पांनी दाराच्या कडीला फडकं गुंडाळलं, शेळ्या भावाकडं धाडल्या, स्वतः कुजबुजत बोलायला लागले. पिल्लांतलं एकच जगलं होतं, हरळी. ती कस्तुराबाईच्या खाटेखाली, त्या शांततेत वाढली.

सोयाबीनच्या सुगीत शेजारच्या रानात माझं मळणीचं मशीन सुरू झालं आणि हरळीची पाचावर धारण बसली. अप्पा रोज तिला दोरीला धरून मशीनकडं आणायचे. बांधापाशी आली की ती मुतायची आणि आडवी पडायची. मग अप्पा तिला उचलून, लंगडत परत न्यायचे. एक दिवस ते बांधावरच बसले.

"वीरेश, लई थकलो रे. आता नवीन पिल्लू कुठून आणू? माझ्या बापापासून चालत आलेलं, हितंच संपलं म्हण."

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो. "मग सोडा की नाद! वय काय, करता काय!" असं काहीबाही बोलून गेलो. अप्पांनी हरळीला उचललं आणि लंगडत घराकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी अप्पा रानात गेले आणि कस्तुराबाईचा निरोप आला. ती अंगणात खाट टाकून बसली होती, हरळी पायाशी.

"मशीन हितं आण. माझ्या खाटंपाशी लाव."

"काय मळायचंय, काकू?"

"काय न्हाई. निस्तं चालू कर."

"डोकं फुटंल तुमचं!"

"माझं हाय, मी बघते. माझ्यापायी त्यायनी घरात टाचणी पडू दिली न्हाई. माझ्यापायीच हे भित्रं झालं. रोज त्याला उचलून, हिरमुसून बांधावरनं येतेत, बघवंना मला. आण म्हणते ना."

तिच्यापुढं माझं काही चाललं नाही. मशीन आणलं, सुरू केलं. हरळी उसळून तिच्या मांडीत शिरली. कस्तुराबाईचा चेहरा पांढराफटक पडला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. एका हातानं तिनं कुत्रीला कवटाळलं होतं, दुसऱ्या हातात दुधात भिजवलेली भाकरी होती. मशीनच्या धडधडीत ती तिच्याशी काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही.

आवाज ऐकून अप्पा धापा टाकत आले. "बंद कर! मरंल की ती!" असं ओरडले असावेत. मी हात पुढं केला, तर कस्तुराबाईनं डोळे वटारले. तेवढ्यात हरळीचं तोंड बाहेर आलं. अंग थरथरतच होतं, पण तिनं घास हुंगला आणि घेतला.

अप्पा तिथंच थबकले. कस्तुराबाईनं दुसरा घास पुढं केला. मग ते हळूच तिच्यामागं खाटेवर बसले, दोन्ही तळव्यांनी तिचे कान झाकले, आणि मला मानेनंच खुणावलं, चालू ठेव.