कर्कवृत्तावरून परतलेला सूर्य

मे महिन्यात भर दुपारी अंगणात उभ्या केलेल्या मुसळाची सावली नाहीशी झाली. माझीही. बायको दारातून ओरडली, "अहो, आधी घरात या! बिनसावलीचा माणूस बरा दिसत नाही." मी हसलो.

मास्तर सांगत होते, सूर्य वर भोपाळजवळच्या कर्कवृत्तापर्यंत जातो, तिथून मागं फिरतो आणि जुलैत पुन्हा आपल्या डोक्यावर येतो. तो मागं फिरायच्या आत ही वारली.

मी चार बुकं शिकलेला. एवढा मोठा सूर्य एका रेघेवरून परततो. हिच्यासाठी मात्र तशी रेघ कुणी आखली नाही.

आज ढग फाटले. मुसळ उभं केलं. सावली आत आत सरकत संपली. माझीही संपली. घरात या म्हणणारं कुणी नव्हतं. मी तिथंच उभा राहिलो.