सुनेत्राताईंचं मत

तळ्याची निम्मी फेरी झाली होती. आता मागे फिरलं काय नि पुढे गेलं काय, गाडीपर्यंतचं अंतर सारखंच. तिथल्या बाकावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधता बांधता सुनेत्राताई म्हणाल्या, "प्रीता, मी मत तिला दिलं होतं."

"कुणाला?"

"तिला गं. हरली ती."

दीड वर्ष आम्ही दोघी दर शनिवारी सकाळी या जंगलातल्या वाटेने चालतो. गुडघे, सुना, मेथी कुठे स्वस्त, अधिक महिन्यात काय करायचं, सगळं बोलून झालेलं. पण २०२४च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा विषय निघाला की ताई झपाझपा पुढे चालायला लागायच्या. अमेरिकेतल्या आमच्या या शॉमबर्ग गावातल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, सुनेत्राताई 'त्याच्या' बाजूच्या असंच सांगतील. त्यांची मुलगी अंतरा तर शपथेवर सांगेल. म्हणून तर ती आईच्या दारात येत नाही, आणि नऊ वर्षांच्या केयालाही पाठवत नाही.

"मग मंडळाच्या ग्रुपवर तुम्ही 'त्याच्या' बाजूचा मेसेज लिहिलात तो?" मी विचारलं.

"तो खरा होता. मतही खरं होतं."

ताईंची ओळख आधी करून द्यायला हवी. नावं-गावं बदलून लिही, माझी ना नाही, असं त्या म्हणाल्या, तशीच लिहिते आहे. ताई मूळच्या कराडकडच्या. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून १९७९ साली लग्न होऊन इथे आल्या. पाणी तपासायच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली. अजून कुणाच्या घरी गेल्या की पेला उजेडात धरून बघतात नि मगच पितात. नवरा सुमंत सात वर्षांपूर्वी गेला. एकच मुलगी. बोलणं फटकळ, हात सढळ. माझा मुलगा मला इथे घेऊन आला तेव्हा मला बसचा पास काढता येत नव्हता. मराठी शाळेत शिकलेली बाई मी, काउंटरवर तोंड उघडायचं म्हणजे घाम फुटायचा. ताईंनी मला हाताला धरून शिकवलं, आणि "अगं, त्यांना मराठी येत नाही, त्याची त्यांना लाज वाटते का?" असं वर म्हणाल्या.

ताईंचे वडील शाळामास्तर. निवडणुकीची ड्यूटी लागली की पेट्या घेऊन आडगावात जायचे. एकदा जेवताना ताईंच्या आईने सहज विचारलं, तुम्ही कुणाला दिलंत हो? तर मास्तर भरल्या ताटावरून उठले. म्हणाले, "मंत्र आणि मत, तोंडाबाहेर काढलं की त्याचं बळ गेलं." ताई तेव्हा आठ वर्षांच्या. सुमंतरावांनाही त्यांनी कधी सांगितलं नाही आणि त्यांचं विचारलं नाही. तीसेक वर्षं नवराबायको एका गाडीतून मतदानाला गेले आणि परत येताना भाजीचं बोलले.

पण अंतरा इथे जन्मलेली. इथे लोक अंगणात पाट्या लावतात. तिची नोकरीही अशी, की रोज कागदपत्रं नसलेली माणसं तिच्यासमोर येऊन बसतात. एका दवाखान्यात ती त्यांची कामं बघते. त्या वर्षी दसऱ्याला आली तेव्हा सोनं हातात देऊन आईला म्हणाली, "आई, धिस टाइम प्लीज. माझ्यासाठी. तिला दे."

ताई म्हणाल्या, "बघू."

आता 'बघू' म्हणजे काय, हे मराठी घरात वाढलेल्यालाच कळतं. त्यात नाही असतं, हो असतं, आणि माझ्या मागे लागू नकोस हेही असतं. अंतराने त्यातलं हो तेवढं उचललं.

"आणि गेलेच मी," ताई म्हणाल्या. आम्ही चालायला लागलो होतो. गीजनी, म्हणजे तळ्यावरच्या रानहंसांनी, वाट सगळी घाण करून ठेवलेली, तिच्यातून पाय टाकत होतो. "दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, लायब्ररीत आगाऊ मतदान असतं तिथे. हात चालेना गं. ती मला पटत नव्हती. एका प्रश्नाला सरळ उत्तर देत नव्हती. तोही पटत नव्हता, त्याचं तोंड म्हणजे गटार. पण एक गोष्ट तो बोलायचा ती माझ्या मनातली होती. रांगेची."

ती रांग मला ठाऊक होती. ताईंनी धाकट्या भावाला इथे आणायला ग्रीन कार्डाचा अर्ज केला होता. तेरा वर्षं नंबर लागला नाही. दरवर्षी भाऊ फोनवर विचारायचा, ताई, कुठवर आलं? शेवटी नंबर आला तेव्हा त्याच्या दोन्ही मुलांनी एकविशी ओलांडली होती, नियमाने त्यांना त्याच्याबरोबर येता येणार नव्हतं. मुलांना मागे ठेवून कसा येऊ, म्हणून तो आलाच नाही. तिथेच गेला. तेव्हापासून कुणी रांग चुकवून सरहद्दीच्या कुंपणावरून आलं म्हटलं की ताईंच्या कपाळाची शीर उडते.

"तरी मतपत्रिकेवर तिच्या नावापुढचा गोल काळा केला. अंतरासाठी. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं मत बाजूला ठेवून मत दिलं."

आणि त्यानंतर आठवड्याभरात तो मेसेज.

आमच्या मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेव्हा म्हणजे आखाडा झाला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी देवापुढे बसलेले, नि फोन आपला टुणटुण. कोणी लिही, ती निम्मी तरी आपली आहे, आईकडून. त्यावर हेमचंद्र लिही, आईकडून असली तरी मद्रासकडची, आपली कुठली? इला लिही, बायकांच्या शरीराबद्दलचे निर्णय पुरुषांनी घ्यायचे का? शैलेंद्र लिही, टॅक्स कोण कमी करतो ते बघा, बाकी गप्पा. ताईंनी आधी लिहिलं, "स्थळ बघताय का रे? मुलाकडचे नि मुलीकडचे!" त्यावर सगळे हसले. मग कोणीतरी रांगेचा विषय काढला, आणि ताईंनी लिहिलं, "रांगेचा नियम सगळ्यांना सारखा हवा. याबाबतीत माझं मत त्याच्या बाजूने."

मी त्याखाली अंगठा दिला. तेव्हा मला ते साधं वाक्य वाटलं. आजही वाटतं.

ग्रुपमध्ये अंतरा होती. केयाच्या रविवारच्या मराठी शाळेचे निरोप तिथेच येतात, म्हणून ताईंनीच तिला त्यात घेतलेली. तिला मराठी बोललेलं समजतं, अक्षरं वाचता येत नाहीत. ती फोनकडून भाषांतर करून घेते. फोनने 'मत'चं व्होट केलं. माय व्होट इज फॉर हिम.

निकाल लागला त्या सकाळी अंतराचा फोन आला. तो मला ताईंनी या फेरीत पहिल्यांदा शब्दाला शब्द सांगितला.

"आई, यू प्रॉमिस्ड मी."

"काय झालं?"

"मी वाचलंय. ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलंस तू, व्होट त्याला म्हणून."

"अगं, ते मत म्हणजे ओपिनियन."

"सेम थिंग, आई! मग सांग ना, कुणाला दिलंस? जस्ट से इट."

"ते विचारायचं नसतं."

"ओके," अंतरा म्हणाली. "आय गॉट माय आन्सर."

त्याच दुपारी शैलेंद्र पेढे घेऊन दारात. "ताई, तोंड गोड करा, आपला आला!" म्हणजे तिकडे लेक गेली नि इकडे पेढे आले.

"घेतलात?" मी विचारलं.

"खाल्ला. कंदी पेढा होता, त्याचा काय दोष? वर म्हणाला, 'ताई, तुमच्यासारखी शिकलेली माणसं उघड बोलली म्हणून बाकीच्यांना धीर आला.' चार घरं माझ्यामुळे तिकडे वळली म्हणे. ऐक आता! माझं मत एका पेटीत आणि माझ्या शब्दाने चार मतं दुसऱ्या पेटीत."

हे सांगताना त्या हसल्या, पण ते हसणं मला बघवेना. मी म्हटलं, "तुम्ही सांगून टाका अंतराला. आज, इथून फोन लावा. खरं तेच सांगायचंय ना?"

"तुझं बरं आहे. तू ग्रीन कार्डवाली, इथली नागरिक नाहीस. तुला मतच नाही."

"मत आहे हो," मी म्हटलं, "व्होट नाही."

"तेच ते. अंतराला हा फरक दीड वर्षात समजला नाही, नि तू चालता चालता सांगितलास." मग जरा पुढे जाऊन म्हणाल्या, "सांगितलं तर ती येईल, हे मला माहीत आहे. केयाला घेऊन येईल, रडेल, गळ्यात पडेल. पण कशासाठी आली? मी गोल कुठला काळा केला त्यासाठी. आणि पुढच्या वेळी? दर चार वर्षांनी मी तिला कागद दाखवायचा, मग ती मला आई म्हणणार?"

"मुलगी आहे ताई. तिच्यापुढे कसला मान?"

"मान नाही गं. मला बघायचं होतं, न सांगता येते का. तिला वाटतंय ते खरं आहे असं धरूनही येते का. नाही आली."

मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणायचा प्रयत्न केला, तर मधलीच ओळ सापडेना.

बरं, अंतरा अगदीच गप्प होती असंही नाही. मागच्या ऑक्टोबरात एकदा तिने फोन केला होता. केयाच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील कामावर गेले ते परत आलेच नाहीत. वाटेत गाडी थांबवून इमिग्रेशनच्या लोकांनी नेलं. ती मुलगी चार दिवस शाळेत दप्तर उघडायची नाही. एवढं सांगून अंतरा म्हणाली, "केया आस्क्ड मी, आजीने त्या लोकांना पाठवलं का? मी काय सांगू?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? त्या माणसाला असं उचलून न्या, असं मी म्हटलं नव्हतं. मी रांग म्हटलं होतं."

"तसं तर कुणीच म्हटलं नव्हतं," माझ्या तोंडून निघून गेलं. "शैलेंद्रही हेच म्हणतो."

ताई एकदम थांबल्या. मला वाटलं, झालं, आता ही बाई माझ्याशीही बोलणं टाकणार. पण त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लागलं ते. पण खरं आहे. मेसेजखाली तुझाही अंगठा होता."

"होता," मी म्हटलं.

आम्ही पुन्हा चालायला लागलो. समोरून एक गोरं जोडपं कुत्रं घेऊन आलं. बाईने हसून गुड मॉर्निंग केलं, ताईंनीही केलं. ते लांब गेल्यावर ताई म्हणाल्या, "पूर्वी मला अशा वेळी काही वाटायचं नाही. आता वाटतं, यांनी कुणाला दिलं असेल? हे माझ्या डोक्यात कधी नव्हतं गं. दुकानात, देवळात, सगळीकडे मी माणसांची वाटणी करत बसते. गणपतीच्या आरतीलासुद्धा बघितलंस ना, इलाकडचे खिडकीपाशी नि शैलेंद्रकडचे दारापाशी. मी मधे उभी. दोन्हीकडून कुणी म्हटलं नाही, इकडे या."

मी बघितलं होतं. मी त्या दिवशी ताटातले दिवे सांभाळत होते, तेवढं कारण मला पुरलं.

"इलाने तर प्रसादाची वाटी माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली," ताई म्हणाल्या. "जिला मी मत दिलं तिच्या बाजूची ही! नि ज्याला दिलं नाही त्याच्याकडचे मला पेढे देतात. देवाने बरी चेष्टा केली."

"देवाला कशाला मधे आणता?"

"मग कुणाला आणू? सुमंत तर नाही."

गाड्या लावायची जागा झाडांमधून दिसायला लागली होती. मला वाटलं, आता ताई नेहमीसारख्या किल्ली काढतील, चहाला चल म्हणतील, आणि हा विषय पुन्हा वर्षभर बंद. मीच म्हटलं, "ताई, पण आजच का सांगितलंत? दीड वर्ष माझ्याकडे बोलला नाहीत."

त्यांनी अंगातल्या जाड स्वेटरच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. हॉस्पिटलचा फॉर्म होता. मागच्या महिन्यात तपासणीत त्यांच्या पोटात गाठ निघाली होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात काढायची होती. डॉक्टर म्हणतात, साधी असेल, नसेलही. त्र्याहत्तराव्या वर्षी भूल म्हणजे भूलच. हे सगळं त्यांनी मला पाण्याचा रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं.

"अंतराला माहीत आहे?"

"नाही."

"ताई!"

"ओरडू नकोस. आजारपण कळलं की येईलच ती. ते येणं मला मतासाठी येण्याहूनही नको." त्यांनी फॉर्म उघडून माझ्यासमोर धरला. एका चौकटीवर बोट ठेवलं. तुम्हाला बोलता येत नसेल तर तुमच्या वतीने कोण ठरवणार, असं तिथे विचारलं होतं. सुमंतराव गेल्यावर केलेल्या जुन्या कागदाची प्रत खाली टाचलेली होती. तिच्यावर ताईंच्या सरळ, मास्तरांच्या वळणाच्या अक्षरात अंतराचं नाव होतं. नव्या कागदावरची चौकट कोरी.

"तिला माझं मराठी वाचता येत नाही, माझं इंग्रजी तिला ऐकू येत नाही," ताई म्हणाल्या. "मी तिथे आडवी पडलेली असताना ती माझ्या वतीने काय बोलेल, मला माहीत नाही. तिला वाटेल ती माझी इच्छा. तुला निदान माझ्या मनात काय होतं ते आज कळलं. नळ्या लावून ठेवायच्या नाहीत. आणि सगळं पार पडेपर्यंत तिला कळवायचं नाही."

मी कागदाकडे बघत होते. इंग्रजी फॉर्म बघितला की मला अजून पहिल्यासारखाच घाम फुटतो.

"प्रीता," त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं, "इथे तुझं नाव लिहू का?"