आत्याची बंदोबस्ताची पिशवी

आत्या गेल्याचं मला नातेवाइकांनी नाही, पोलिसांनी कळवलं. सकाळी चहा गाळत होते तेवढ्यात संगीताचा फोन आला. संगीता म्हणजे आमच्या आत्याला घरून चौकीत न्यायला येणारी महिला पोलीस. तिचं नाव दिसलं की मी समजायचे, आज मुळशीत कुणीतरी मोठा माणूस येतोय आणि आत्या दिवसभर बाकड्यावर बसणार. म्हणून मी वैतागूनच विचारलं, "आज कोण येतंय?" ती म्हणाली, "मॅडम, मी न्यायला आले होते. आत्या उठंनात." त्याला आता महिना होत आला.

शेवंताआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुळशीतल्या रिहे गावात तिचं घर, भाताची दोन खाचरं. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. पण एकटी म्हणून कीव करायला जावं तर तीच आपल्याला चार शब्द सुनावणार. तिचा पाय घरात ठरायचा नाही. पिरंगुटचा बाजार, कुणाचं बारसं, कुणाची सोयरीक, बोलावणं असो नसो, ही हजर. आमच्याकडे सूसला आली की लिफ्टमध्ये भेटेल त्याला "कुणाचा रं तू?" विचारायची आणि सोसायटीत मला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा हिला सगळे ओळखत होते. अशा बाईला कुणी बसवून ठेवायचं म्हणजे काय, हे तिला पाहिलं नाही त्याला कळायचं नाही.

घडलं ते भातकापणीच्या दिवसांत. रस्त्याच्या उद्घाटनाला मंत्री आले होते. ताफ्यातल्या गाड्या जागा दिसेल तिथे लावल्या गेल्या, त्यातल्या दोन थेट आत्याच्या खाचरात. कापलेलं भात तिथे वाळायला पसरलं होतं. आत्या खालच्या खाचरात कापत होती. ती उठली आणि तडक जाऊन मंत्र्यांच्या गाडीपुढं उभी राहिली. हातात विळा. कापणीच्या दिवसांत आमच्याकडे बायका विळा हातातच घेऊन पाणी पितात, पोराला दटावतात, पदर सावरतात. तो हातात आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं. तिला भाताबद्दल बोलायचं होतं. पण गाडीतल्यांना भात कुठलं दिसायला, त्यांना विळा दिसला. चौघांनी तिला उचललं. मंत्री चांगले म्हणायचे. खाली उतरले, "म्हातारी बाई आहे, सोडा," म्हणाले, आणि गुन्हा काही दाखल झाला नाही. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. त्या न झालेल्या गुन्ह्यानंच आत्याचा घात केला, हे आम्हाला पुढे कळलं.

आत्याचं नाव चौकीतल्या धोक्याच्या माणसांच्या यादीत गेलं, आणि तिथून पुढे कुणाचाही दौरा असला की तिला न्यायचे. सकाळी नोटीस, दिवसभर चौकी, दिवस मावळायच्या आत घरी. मारहाण नाही, शिवी नाही, वर चहा. हळूहळू आत्या नोटिशीची वाट बघेनाशी झाली. रस्त्यावरचे खड्डे बुजवायला माणसं आली की ती पिशवी भरायला घ्यायची. जुन्या लुगड्याची कापडी पिशवी, तिला तीच 'बंदोबस्ताची पिशवी' म्हणायची. तिच्यात शाल, रक्तदाबाच्या गोळ्या, ठेचा आणि भाकऱ्या. संगीता यायला लागल्यापासून एक भाकरी जास्त. "तिला बी माझ्यापायी दिसभर बसावं लागतंय," आत्या म्हणायची, "ती पोर तरी कुटं जातीया."

माझे वडील गेले तेव्हा आत्या चौकीत होती. पिरंगुटला कसलासा मोठा कार्यक्रम होता. मी फोन केला, रडले, भांडले. संगीतानं साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, ताफा जाईपर्यंत रस्ता बंद आहे, मग गाडी देतो. ताफा उशिरा निघाला. शेवटी पोलिसांच्याच गाडीतून आत्या सूसच्या स्मशानात उतरली तेव्हा अग्नी दिलेला होता. ती पिशवी पोटाशी धरून लांबच उभी राहिली... सख्ख्या भावाचं तोंड तिला दिसलं नाही. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

दहावा झाल्यावर मी तिला घेऊन साहेबांकडे गेले. माणूस सभ्य होता. म्हणाला, "ताई, हातात विळा घेऊन व्हीआयपीच्या गाडीपुढे बाई आली, हे खोटं आहे का? उद्या खरंच काही झालं तर पहिला प्रश्न हाच येणार, की माहीत होतं तर बसवलं का नाही. उत्तर कोण देणार? मी." माझा मुलगा त्या ताफ्यात असता तर मलाही असाच साहेब हवा असता. तरी मी विचारलं, हिचं नाव यादीतून काढायचं कसं? तो म्हणाला, "ते माझ्या हातात नाही." कुणाच्या हातात आहे, तेही त्याला सांगता येईना. मी पुढे वकिलांना भेटले, वर अर्ज केले, ते फिरून त्याच चौकीत आले. आत्यानं मात्र त्याच दिवशी साहेबांना एकच विचारलं होतं. "सायेब, गुन्हा तरी दाखल करा की. मंग कोर्ट सोडंल मला. गुन्हाच न्हाई तर सुटू कशातनं?" साहेबांनी चहा मागवला.

त्यानंतर ती फिरायची कमी झाली. सूसला ये म्हटलं तर म्हणायची, "आन मागनं कोन आलं तर? पळाली म्हनतील." एकदा तर कहरच झाला. रिह्याच्या खोऱ्यात एका फार्महाउसवर शहरातलं लग्न होतं. त्यांनी रस्ता झाडून घेतला, चुन्याचे पट्टे मारले आणि नवरदेव हेलिकॉप्टरनं आला. आवाज ऐकून आत्यानं पिशवी उचलली, वडापच्या जीपमध्ये बसली आणि स्वतःच चौकीत जाऊन बाकड्यावर बसली. संगीता हसत हसत म्हणाली, "आत्या, लग्नाचं हेलिकॉप्टर हाय ते. जावा घरी." आत्या उठेना. "आसूं दे. आले हाय तर बसते," म्हणाली. संगीतानं मला हे गमतीनं सांगायला फोन केला आणि सांगता सांगता मध्येच ठेवून दिला. अख्ख्या पंचक्रोशीत उंडारणारी माझी आत्या, तिला आता कुणी बसवायचीही गरज राहिली नव्हती.

त्या सकाळी मी रिह्याला पोहोचले तेव्हा आत्या खाटेवर होती आणि संगीता वर्दीत उंबऱ्याशी बसली होती. पिशवी खुंटीला, भरलेली. आदल्या दिवशी खड्डे बुजले होते. तेवढ्यात संगीताचा फोन वाजला. दौऱ्याच्या आधी यादीतलं कोण कुठे आहे, त्याची खबर साहेबांना द्यावी लागते. ती उठून उभी राहिली. "व्हय साहेब, रिह्यातच हाय. त्या घरीच हायेत... न्हाई, आता कुटं जात न्हाईत." फोन ठेवून ती तशीच उभ्यानं रडली. मी पिशवीतून भाकऱ्या काढल्या. त्यातली एक तिची होती. सुतकाच्या घरात कुणी खात नाही, पण तिनं ती रुमालात बांधून घेतली.

पिशवी मी सूसला आणली. गेल्या आठवड्यात पुन्हा दौरा होता. सकाळपासून रस्ता झाडत होते. मी भाकऱ्या थापल्या, पिशवी खांद्याला लावली आणि पिरंगुटच्या रस्त्याला जाऊन उभी राहिले. एक तरुण पोलीस म्हणाला, "मावशी, मागं व्हा. पिशवीत काय हाय?" भाकरी, मी म्हटलं. त्यानं उघडून पाहिलं आणि उभं राहू दिलं. मला वाटलं, त्या पहिल्या मंत्र्यांनंतर इतकी वर्षं आत्या ज्यांच्यासाठी धोका होती, त्यांना तिनं एकदाही जाताना पाहिलं नव्हतं. तिच्या वतीनं आपण बघावं. मग शिट्ट्या झाल्या, ताफा आला आणि गेला. सगळ्या गाड्यांना काळ्या काचा होत्या. आत कोण होतं ते मलाही दिसलं नाही.