रोलवरची अक्का
अक्काचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. आमचा फोटो स्टुडिओ होता, तरी नव्हता. ती माझी मोठी बहीण, बन्नूरला राहते, बसने येते आणि संध्याकाळी परत जाते. मुलाने दिलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने मी तिचे कितीतरी फोटो काढले. दरवेळी ती हात पुढे करायची. "दाखव." बघायची. "अय्यो, ही कोण म्हातारी? पूस." मी पुसायची. तिच्यापुढे माझं कधी चालत नाही.

म्हणून यांचा जुना कॅमेरा काढला. हे गेल्यापासून तो कपाटातच होता. स्टुडिओत हे पुढे असायचे आणि मी मागे अंधाऱ्या खोलीत रोल धुवायची. चौथी शिकलेल्या बाईला ते जमलं, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नसे. डिजिटल आल्यावर ती खोली बंद झाली. आता मुलाने कृष्णधवल रोल आणि तो धुवायच्या पावडरी मागवून दिल्या.

अक्का आली आणि मागच्या दारात ताट घेऊन भिजवलेल्या अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, सालं दाबून काढत बसली. एक दाणा उडून माझ्या कपाळाला लागला. ती हसली तेवढ्यात मी बटण दाबलं. मग तिने तोंड धुतलं, रेशमी साडी नेसली आणि दारात ताठ उभी राहिली. तसे चार काढले.

"दाखव."

"यात दिसत नाही, अक्का. रोल धुवावा लागतो."

"सुम्ने, उगाच काहीतरी सांगू नकोस. मघाचा वेडावाकडा पण काढलास, मी बघितलं."

मी भाताखालचा गॅस बंद करायला आत गेले. परत आले तर कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडं आणि अक्का आत डोकावत होती.

"रिकामाच आहे की गं! नुसती पट्टी."

मी झडप घालून झाकण लावलं आणि तिच्यावर ओरडले. जन्मात कधी ओरडले नव्हते. "काही कळतं का तुला? सगळं गेलं!" ती साडी बदलून, न जेवता, दुपारच्या बसने गेली.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून रोल धुतला. हाताला सगळं आठवत होतं. साडीतले चारही फोटो उजेड लागून काळेकुट्ट झाले होते. पण आधीचा एक त्यांच्या वेटोळ्याखाली होता, त्याची फक्त कड गेली होती. पट्टी उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये अक्काचे पांढरे केस काळे दिसत होते. तिची मांडी, ताट, हसणं, सगळं होतं.

दुकानातून प्रिंट करून घेतली आणि बन्नूरला गेले. काय बोलावं ते बसमध्ये ठरवलं होतं, दारात विसरले. फोटोच पुढे केला.

"पडलेला दात दिसतोय," ती म्हणाली. "पूस."

"हा पुसता येत नाही."

ती बराच वेळ बघत राहिली. मग फोटो परत न देता देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आणि म्हणाली, "त्या दिवशी जेवले नाही मी. आज तू जेवूनच जा."

माझ्यासाठी मला दुसरी प्रिंट काढून घ्यावी लागली.