मी वाचून दाखवलेला सिनेमा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. चर्चच्या पाळकसाहेबांजवळ नाही, शाळेतल्या जुन्या सोबत्यांजवळ नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असाल तर सोनईचा भूगोलाचा मास्तर म्हणून ओळखत असाल, आणि मास्तर वाचून दाखवतो ते बरोबरच असणार असं तुम्हाला वाटत असेल. माझ्या बायकोलाही तसंच वाटायचं.

खरं तर मी वर्षभराच्या सिनेमांवर लिहायला बसलो होतो. तालुक्यातल्या एका साप्ताहिकात नाताळनंतरच्या अंकात माझा तो लेख असतो. गेली बारा-तेरा वर्षं असतो. यंदा मी एकोणीस सिनेमे पाहिले. एस.टी. चालवणाऱ्या बाईचा मराठी सिनेमा मला आवडला. त्यात बाईला गिअर टाकताना दाखवलंय आणि गिअर खरोखर पडतो. लढाईचा एक हिंदी सिनेमा नगरला जाऊन मोठ्या पडद्यावर पाहिला. मध्यंतरापर्यंत कान दुखले, मध्यंतरानंतर डोकं. आणि दक्षिणेकडचा एक, दोन भाऊ विहीर वाटून घेतात त्याचा. तो वर्षातला सगळ्यात चांगला. मोठा भाऊ विहिरीच्या मधोमध दोरी धरून उभा राहतो तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. उठलो, आणि शेजारी कुणीच नाही हे लक्षात आलं. मग बसलो.

मार्था, माझी बायको, जाऊन तीन वर्षं झाली.

सिनेमांना गुण द्यायची पद्धत आमच्या दोघांची. नाताळचा फराळ उरलेला असायचा, शाळेला सुट्टी असायची. दुपारी एका वहीत वर्षभरातल्या सिनेमांची नावं लिहायची आणि दहापैकी गुण द्यायचे. तिचे वेगळे, माझे वेगळे. छापून यायचे ते माझे. ती अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, शाळा चौथीपर्यंत. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची, पण ओळीखाली बोट धरून, सावकाश. पण सिनेमा मात्र तिला माझ्याहून जास्त कळायचा, हे आज कबूल करायला हरकत नाही. नट खोटं रडला की ती लगेच म्हणायची, "कांदा चोळलाय मेल्यानं."

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. वडील साखर कारखान्यात, ऊस टाकतात त्या गव्हाणीवर होते. नगरच्या कॉलेजात मी मावशीकडे राहून शिकलो, इंग्रजी शब्दकोश पाठ करून शिकलो, आणि त्याचा मला अभिमान होता. आहे. तो लपवत नाही. घरात आलेला इंग्रजी कागद, मग तो कारखान्याचा असो, कोर्टाचा असो की औषधाच्या डबीतला असो, माझ्याकडे यायचा. मी वाचायचो आणि सगळे ऐकायचे. लग्नानंतर तेच मार्थाचं. परदेशी सिनेमे टीव्हीवर यायला लागले, खाली इंग्रजी ओळी पळायच्या, आणि मी तिला त्या मराठीत वाचून दाखवायचो. वर्षानुवर्षं. इतकी सवय की मी खोकलो तरी ती म्हणायची, "खोकला हिरोला आलाय का तुमाला?"

आम्हाला मूल नाही. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. हे सांगतोय, कारण ते महत्त्वाचं आहे. मी जे वाचेन ते तपासणारं कुणी नव्हतं.

तिच्या पोटात दुखायला लागलं ते पावसाळा संपता संपता. नगरला दाखवलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि सहा महिने म्हणाले. फार तर आठ. वर असंही म्हणाले, की पेशंटला सांगा, तुम्ही सांगितलं तर बरं. मी हो म्हणालो. रिपोर्ट दोन पानांचा होता, इंग्रजीत. बस स्टँडवरच्या बाकावर तिनं तो माझ्या हातात दिला. वाचा, म्हणाली.

मी वाचला. आतड्याला सूज आहे, असं वाचलं. गोळ्यांनी उतरेल. तिखट बंद.

"येवढ्या दोन पानांत निस्ती सूजच लिव्हलीय?"

इंग्रजीला जागा जास्त लागते, असं मी म्हणालो. ती हसली. मीही हसलो. कुणी लांबून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या म्हातारा-म्हातारीचं काहीतरी चांगलं झालंय.

तुम्ही म्हणाल, अशी माणसं खूप असतात. बायकोला धक्का बसू नये म्हणून लपवतात. मला माहीत आहे तुम्ही असं म्हणाल, मीही बरेच दिवस स्वतःला तेच म्हणत होतो. पण तसं नव्हतं. का नव्हतं ते पुढे सांगतो. आधी सिनेमाचं सांगू द्या.

नोव्हेंबरातली दुपार. ती पलंगावर, उशीला टेकून. टीव्हीवर कुठल्याशा लांबच्या देशातला सिनेमा लागला होता. समुद्रकाठचं गाव, टोपल्या विणणारं म्हातारं जोडपं. बाई आजारी पडते. डॉक्टर येतो, नवऱ्याला दाराबाहेर नेतो, आणि मला पुढचं कळलं. बंद करू का, म्हटलं. नको, म्हणाली, बाई चांगली काम करतीय.

पडद्यावर डॉक्टर म्हणत होता, तिला सांग, ते तिचं आहे. मी वाचलं — काळजीचं काही कारण नाही.

मग नवरा आत जातो, बायकोसमोर बसतो आणि सांगतो. सगळं सांगतो. त्या दिग्दर्शकानं तिथं संगीत ठेवलेलं नाही, नुसत्या वेताच्या काड्यांचा आवाज. मी काय वाचलं? मी वाचलं, की पुतणीचं लग्न ठरलंय.

का तेच सुचलं, सांगता येत नाही. पण एकदा बोललो आणि अडकलो. कारण पुढचा तासभर ती बाई गावभर फिरते. एकेका घरी जाते. कुणाची घागर परत करते, कुणाचे हात हातात घेते, एका शेजारणीशी तिचं जुनं भांडण असतं, तिच्या दारात जाऊन उभी राहते. निरोप घेत असते ती. तिला सांगितलेलं असतं म्हणून तिला निरोप घेता येतो. सिनेमा सगळा तेवढाच. आणि मी तासभर मार्थाला वाचून दाखवत होतो, की ती लग्नाचं आवतान देत फिरतेय.

"आवतान देताना कुनी येवढं गळ्यात पडतं का?" तिनं विचारलं.

त्यांच्यात तशी रीत असते, मी म्हणालो. भूगोलाचा मास्तर. तिनं मान हलवली. दहा मिनिटांनी म्हणाली, मग ती पुतणी कुठंय? एकदा तरी दाखवायला पाहिजे का नको? मी म्हटलं, शेवटी दाखवतील.

शेवटी बाई मरते. मी म्हणालो, दमून झोपली.

तिनं त्या सिनेमाला दहापैकी दोन गुण दिले. तेही बाईच्या कामाला. गोष्टच धड न्हाई म्हणाली, लगीन दाखवलंच न्हाई. मी वहीत दोन लिहिले. तो सिनेमा मी नंतर पुन्हा पाहिला, एकटा, सगळ्या ओळी वाचत. इतका चांगला सिनेमा मी आयुष्यात पाहिला नसेल. हे मी गुण देण्यासाठी लिहीत नाही.

तिला कळलं होतं का? हा प्रश्न मी पुष्कळदा उलटासुलटा केलाय. कळलं होतं असं धरलं तर मला सोपं जातं. तिला ठाऊक होतं आणि तिनं मला सांभाळून घेतलं, असं म्हणून मोकळं होता येतं. पण मला खरंच माहीत नाही. मी एवढंच सांगू शकतो, की त्याच दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "मला सुलाकडं न्या ना. येकदा भेटून येते."

सुला म्हणजे तिची धाकटी बहीण, अकोले तालुक्यात डोंगरात राहते. आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघींचं वाजलं होतं आणि पाच वर्षं बोलणं बंद होतं. मार्थाचं तोंड फटकळ, सुलाचंही तसंच. कुणी मागे हटेना. आता मार्था हटायला तयार झाली होती. मी म्हणालो, बरी झालीस की जाऊ, घाई काय आहे? दुसऱ्या दिवशी म्हणाली, निदान फोन लावा. सुलाचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. मी मोबाईल कानाला लावला, थोडा वेळ धरला आणि म्हणालो, लागत नाही, तिकडे डोंगरात रेंज नसते. मी नंबर दाबलाच नव्हता. असं रोज झालं. नाताळापर्यंत रोज, नंतरही रोज. ती विचारायची, मी मोबाईल कानाला लावायचो.

आता ते धक्का बसू नये म्हणून का नव्हतं, ते सांगतो. सुला आली असती तर तिनं बहिणीकडे बघताक्षणी ओळखलं असतं आणि रडली असती, म्हणजे माझं खोटं उघडं पडलं असतं. हे एक. दुसरं याहून वाईट आहे. मार्था पूर्वी कधीतरी म्हणाली होती, मरायची वेळ आली तर मला डोंगरात न्या, सुलाच्या ओसरीत निजवा. खरं सांगितलं असतं तर ती गेली असती. मला ती इथं हवी होती. पलंगावर, टीव्हीसमोर, माझ्या शेजारी, मी वाचेन ते ऐकत. सहा महिने होते तिचे, आणि ते मी माझ्यासाठी ठेवून घेतले.

ती मार्चमध्ये गेली.

अजून मी मुख्य गोष्ट सांगितलेली नाही. वरचं सगळं लिहिताना मला वाटत होतं की तीच मुख्य आहे. नाही.

मातीला सुला आली. कुणीतरी तिला कळवलं होतं, मी नव्हे. जीप बदलत, बस बदलत ती दुपारी पोचली तेव्हा पेटी चर्चमधून निघायच्या बेतात होती. ती रडली नाही. कबरीवर माती लोटली, फुलं ठेवली, लोक पांगले, आणि ती माझ्याजवळ आली. सरळ विचारलं, "दाजी, तिला ठावं हुतं का?"

नाही, म्हणायचं होतं. दोनच अक्षरं होती. पण मागे पाळकसाहेब उभे होते, शाळेतले चार जण होते, गावात ज्याचं सगळे ऐकतात तो मी होतो. मी म्हणालो, "हो. सगळं माहीत होतं तिला."

"मंग मला का न्हाई बोलावलं?"

आणि मी म्हणालो, "तिचीच इच्छा नव्हती. कुणाला कळवू नका म्हणाली."

सुलानं माझ्याकडे पाहिलं. मग पदर डोक्यावर नीट घेतला आणि पाच वाजताच्या बसची वेळ विचारली. मी सांगितली. चहा घेऊन जा, असंही म्हणालो. तिनं घेतला. कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि गेली.

जिवंतपणी मी मार्थाशी खोटं बोललो, ते एक. पण मेल्यावर मी माझं खोटं तिच्या तोंडी घातलं. बहिणीसाठी चार महिने फोनची वाट पाहणाऱ्या बाईला मी मरताना अढी धरून बसलेली बाई केलं. ते खोडायला ती नव्हती. मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घालायला शब्दकोश पाठ करावा लागत नाही. त्याला काहीच लागत नाही.

तीन वर्षं झाली. सुला दर वर्षी भात निघाला की ओळखीच्या जीपवाल्याबरोबर गोणीभर तांदूळ पाठवते. एकटे हाय तुमी, म्हणते, सोनईला असला तांदूळ कुठं मिळायचा. ज्या बहिणीनं आपल्याला शेवटी बोलावलं नाही असं तिला वाटतं, त्या बहिणीच्या नवऱ्याला ती तांदूळ पाठवते. मी तो शिजवतो आणि खातो. चांगला असतो.

गेल्या आठवड्यात यंदाची गोणी आली. पाठोपाठ तिचा फोन. तांदूळ पोचला का, गुडघे कसे हायत, असं सगळं विचारून झालं.

"दाजी, एक इचारू? शेवटी शेवटी माजं नाव तरी काढायची का ती?"

मी खिडकीपाशी उभा होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. मागे पाळकसाहेब नव्हते, शाळेतले लोक नव्हते. लाजायचं कुणापुढे?

तसं काही आठवत नाही, मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. तांदळात कडुलिंबाचा पाला टाकून ठेवा, न्हाईतर किडं व्हत्यात, असं सांगून तिनं फोन ठेवला.

काढायची. रोज काढायची.