मुठ्ठी गरम हाय, साब

रहमतसाब डॉक्टरांना बसलेलं मी पाहिलं ते एकदाच. एरवी चहासुद्धा येरझारा घालत, बशी हिंदकळवत प्यायचे. कुणी नमस्कार केला की यांची नजर आधी त्याच्या गळ्यावर जायची. बसा म्हटलं तर म्हणायचे, "मैं बैठा तो बीमारी चलने लगती, बेटी."

माझ्या अक्काची दाढ दुखायला लागली, तर आळंदच्या आमच्या घरी सगळे गरम पोटीस बांधत बसले! गुलबर्ग्याला नेलं तोवर गळा सुजून लालभडक, थुंकी गिळता येईना, श्वासाला घरघर. साबांनी मानेपासून छातीपर्यंत दाबून पाहिलं अन् ओरडलेच, "पू खाली उतरायलाय! छातीत जायलाय! गळा आत्ताच कापायचा. हे काढा."

हे म्हणजे अक्काच्या गळ्यातलं इष्टलिंग. जिवंतपणी ते अंगावेगळं करत नाहीत आमच्या लिंगायतांत. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं, त्यात डॉक्टर मुसलमान. माझे वडील, अप्पा, आडवे आले. "जीव गेला तरी चालंल, लिंग निघायचं न्हाई."

अक्कानंही ते घट्ट धरलं. मला तर अप्पांचा असा संताप आला! पण साबांचा आवाज एकदम खाली आला. "अंगावरच राहू द्या की. गळ्यातच कामून पाहिजे? पूजेला तळहातावर घेता न्हाई का?" पट्टीची गुंडाळी त्यांनी माझ्याकडे टाकली. "मी हात लावत न्हाई. तू बांध तिच्या मुठीत, अन् मूठ धरून उभी राहा. गार पडायली की लगेच सांग."

अप्पा बाजूला झाले.

क्लोरोफॉर्म दिल्यावर साबांनी मानेच्या कडेला चीर घेतली आणि बोट आत घातलं. खाली, आणखी खाली, पार छातीच्या हाडामागं. पू उसळला. मान वर न करता ते सारखे विचारायचे, "मुठ्ठी?"

"गरम हाय, साब."

जरा वेळानं पुन्हा, "मुठ्ठी?"

"गरम हाय."

मग रबरी नळ्या, पेनिसिलिनची इंजेक्शनं, रोज जखम धुणं. ज्या दिवशी अक्कानं घोटभर पाणी गिळलं, त्या दिवशी साब तिच्या खाटेशेजारी स्टुलावर मटकन बसले. "अब चाय लाव," म्हणाले, आणि सगळा चहा बसून प्याले.

साब केव्हाच गेले. परवा अक्काही गेली, चांगली म्हातारी होऊन. पुरताना रीतीप्रमाणं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मीच मिटवली. अन् कानात तोच घाईचा आवाज आला, "मुठ्ठी?"

"गार हाय, साब," मी म्हणाले. "बसा आता."