रतनबाईचं मत

युसूफ वडगाव या गावच्या शेळीपालकांनी मिळून कंपनी काढली. रतनबाईला शेळीच्या डोळ्यात बघून तिचं दुखणं कळायचं, म्हणून तिला संचालक केलं. पण अध्यक्ष तिचा थोरला दीर आसाराम! थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, हा घरचा रिवाज. दोन वर्षं ती दाराशी पदर ओढून बसली आणि मान हलवत राहिली. एकदा माशी हाकलताना मान हलली, तीसुद्धा मंजुरीत धरली गेली.

त्या दिवशी विषय निघाला, सगळ्यांच्या शेळ्यांना पेंड आसारामच्या जावयाकडून घ्यायची. तीच पेंड खाऊन रतनबाईच्या दोन गाभण शेळ्या गाभडल्या होत्या. पण सांगायचं कसं?

तेवढ्यात किराणा दुकानदार ईश्वरप्पा खाकरला. कंपनीत भांडवल घालणाऱ्या परदेशी संस्थेला एक संचालक कुणाच्याच नात्यात नसलेला हवा होता. शोधून शोधून हा एकटा सापडलेला.

"आसारामभाऊ, जरा बाहेर बसा."

"कावून?"

"जावई तुमचा हाय. लेक-जावयाच्या धंद्याचा विषय आला की त्या माणसानं उठायचं. भांडवल देनाऱ्या संस्थेचा नियम हाय."

"म्हंजे तिकडं परदेशात बसून मलाच हाकलतेत व्हय?"

"हाकलत न्हाई हो. चहा धाडतो की बाहेर."

आसाराम कुरकुरत ओट्यावर जाऊन बसला. दार लागलं आणि रतनबाईनं पदर मागं सारला.

"ती पेंड न्हाई, इख हाय! बुरशीचा वास कुणाच्याच नाकात गेला न्हाई का?"

मग ती थांबलीच नाही. ठराव नामंजूर झाला. नियम करणाऱ्यानं कधी शेळी पाळली असेल की नाही, देव जाणे; तिनं मनातल्या मनात त्याला हात जोडले.

आसाराम आत आला. "काय ठरलं?"

"बाईंनी अडवलं," ईश्वरप्पा म्हणाला. "त्यांनाच इचारा."

रतनबाईचा हात पदराकडं गेला. आसारामनं ते बघितलं. त्यानं खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून बसला.

"आता बोल, बाई. ओट्यावर निम्मंच ऐकू आलं. शेळ्यांचं काय म्हनत होतीस?"

रतनबाईनं पेंडीच्या वासापासून सगळं सांगितलं, आणि आसाराम कॅलेंडरकडं बघत हुंकार देत राहिला.